बोअरच्या पाईपाची यारी

सन एकोणीसशे ऐंशी. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आणि ज्या घरात जेवत होतो त्या घराच्या मालकाचा मला मनापासून राग होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारा आता बसून राग काढतोय. राग तेव्हाही होता. आता फक्त जुना झालाय.

घर माझ्या अक्काचं, म्हणजे खरं तर दाजींचं. आईबाप का नव्हते आणि चौथीतनं शाळा सोडून मी शहरातल्या उस्मानपुऱ्यात कसा येऊन पडलो, ते सांगत बसत नाही. रस्त्याला तोंड करून दाजींचं वेल्डिंगचं दुकान, मधे एक भिंत, भिंतीमागं स्वयंपाकघर आणि दोन खोल्या, आणि त्याच्याही मागं मोकळी जागा, तिथं एक आटलेली विहीर. घर आणि दुकान एकाच मीटरवर. दुकानात कुणी रॉड टेकवला की स्वयंपाकघरातला बल्ब मंद व्हायचा. अक्का चुलीपुढं बसून नुसत्या बल्बाकडं बघून सांगायची, "आत्ता चाचा लागलेत," नायतर "आता आमचा बबन." चाचांनी, म्हणजे दुकानातल्या जुन्या मिस्त्रींनी, जोड धरला की बल्ब एकदा मंद व्हायचा आणि जोड संपेस्तोवर तसाच राहायचा. माझ्या वेळी तो डोळा मिचकावायचा. ती हसून म्हणायची, पण मला ते झोंबायचं. आजही कुणी माझ्या हाताला नाव ठेवलं तर झोंबतं. मी ते लपवत नाही.

त्या घरातला आवाज म्हणजे सकाळी भाकरीची थाप, मग ट्रान्सफॉर्मरची घुं घुं, मग चर्र, मग छिन्नी, आणि या सगळ्यावर दाजींचा गळा. जेवायला येसराची आमटी, नायतर अंबाडीची भाजी, वरून लसणाची कडकडीत फोडणी. अक्काच्या हाताला चव होती आणि त्या चवीवर दाजींनी कायम पाणी फिरवलं. ते घास चावता चावता बोलायचे. "वाढ गं तुझ्या भावाला. जोड मारून दमलाय बिचारा. एक भाकर अजून दे, लोखंड काय चावता येत नाय." मी ताटावरनं उठायचो नाही. उठलो असतो तर त्यांना पाहिजे तेच झालं असतं. दुसरी भाकरी मागून घ्यायचो आणि त्यांच्या डोळ्याला डोळा लावून खायचो. मेव्हणा म्हणजे गड्याच्या वर आणि पाहुण्याच्या खाली, अशी माझी तिथली जागा होती.

दुकानात खरा कारागीर एकच. मन्नानचाचा. शहागंजातून सायकलवर यायचे, हातात कापडात गुंडाळलेली स्वतःची काच. वेल्डिंग बघायची काच दुकानात होती, पण ते दुसऱ्याच्या काचेतून बघायचे नाहीत. त्यांचाही मला राग होता. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही चांगलं म्हटलं नाही. माझा हात हलला की छिन्नीची मूठ मनगटावर बसायची. "हात कू नै, नजर कू सिखा." आणि त्यांच्या खोडी तरी किती! वेल्डिंगचे रॉड ते रोज संध्याकाळी शहागंजातल्या ओळखीच्या नानवाल्याच्या भट्टीवर ठेवायचे आणि सकाळी कोमट असतानाच घेऊन यायचे. मी एकदा विचारलं, "चाचा, रॉड काय नान हाय का? मटणाच्या खलियाबरोबर खाता का?" सगळे हसले. चाचा हसले नाहीत. म्हणाले, "सर्दी लगा हुआ रॉड जोड़ में पानी छोड़ता. तेरे कू क्या, तू तो ऊपर से देखता." मी खरंच वरूनच बघायचो. जोडावर माझी शिवण अशी पडायची की बघणाऱ्यानं बोट फिरवावं. माशाच्या खवल्यासारखी, एकावर एक, सारखी. चाचांची शिवण म्हणजे शेणाच्या गोवऱ्या. गिऱ्हाईक माझी शिवण बघून खूश व्हायचं, आणि मला एवढं पुरत होतं.

आमच्या दुकानात अजून एक सवय होती आणि ती दाजींनी लावलेली. जोड झाला की त्यावर मगभर पाणी. चुस्स! वाफ उठायची, जोड लगेच हाताला धरता यायचा, माल टेम्पोत चढायचा. खिडक्या, फाटकं, पत्र्याचे शेड, सगळ्यांना आम्ही असंच पाणी पाजलं. साध्या लोखंडाला त्याचं काही वाटत नाही, त्यामुळं आम्हालाही कधी वाटलं नाही.

त्या साली यारीला लई मागणी होती. यारी म्हणजे विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढायचं यंत्र. पाईपाचा सांगाडा, त्यातून विहिरीवर पुढं आलेला हात, हाताच्या टोकाला चाक, चाकावरून तारेचा दोर, आणि दोराला माणूस उभा राहील एवढी लोखंडी बादली. दगड वर येतो त्याच बादलीत माणसं खाली जातात. गंगापूरच्या बाजूचा सोनाजी म्हणून एक विहीर खोदणारा होता. त्यानं यारी सांगितली, पण हलकी पाहिजे म्हणाला, बैलगाडीत घालून गावोगाव न्यायची होती. दाजींनी शहागंजातल्या भंगारातून बोअरच्या गाडीचे जुने पाईप उचलून आणले. जमिनीत दगड फोडत शंभर-दोनशे फूट जाणारे ते पाईप. दाजी त्यावर चापट मारून म्हणाले, "हे बघ पोलाद! साध्या पाईपाच्या निम्म्या वजनात दुप्पट ताकद. ह्याची यारी सोनाजीचा नातू वापरंल."

चाचांनी पाईपावर कानस ओढली. कानस घसरली. त्यांनी परत ओढली, परत घसरली. मग ते पाईपाजवळ उकिडवे बसले.

"ये सादा पाईप नै मियाँ," ते दाजींना म्हणाले. "सादा पाईप मजदूर है. मारो, पीटो, चलता. ये नवाब है. इसकू पैले गरम करके मनाओ, फिर जोड़ो, फिर राख में सुलाओ. पानी मारे तो ये सामने हँसता, पीछे फटता."

"राखेत झोपवायला हे काय लेकरू हाय का चाचा? सोनाजी शुक्रवारी येतोय. आज बुधवार."

"चार दिन होना."

"दुकान माझं हाय."

"जोड़ मेरा है."

दाजी म्हणाले, "मग जोड बी माझा. बबन्या मारतो." चाचा माझ्याकडं वळले. "तू करेगा?" मी म्हणालो, "करीन की. त्यात काय?" खरं सांगतो, माझी छाती फुगली होती. चार वर्षांत पहिल्यांदा अख्खं काम माझ्या हातात येत होतं. चाचांनी आपली काच फडक्यानं पुसली, गुंडाळली, सायकलला लावली. जाता जाता म्हणाले, "तेरी सिलाई अच्छी है बब्बन. दर्जी हो जा."

मी त्या रागातच बसलो. पाईप एकमेकांना भेटतात असे मोठे चार जोड होते, चारही त्या पुढं आलेल्या हाताचे. संध्याकाळपर्यंत चारही संपवले. दुकानातल्या फळीवर पडलेले रॉड वापरले, कुणाच्या भट्टीत शेकले नाहीत. पाईप थंडगार होते, तसेच जोडले. एक जोड संपला की पाण्याचा मग उचलायचा आणि चुस्स. खपली उडवली तर खालनं शिवण चांदीसारखी निघाली. आयुष्यात त्यापेक्षा सुंदर शिवण मी मारली नाही. दाजी वाकून बघून म्हणाले, "म्हाताऱ्याला दाखवायला पाहिजे होतं." आम्हा दोघांचं त्या घरात एकमत झालं ते तेवढंच.

जेवायला बसलो. अंबाडीची भाजी होती. दाजींनी त्या दिवशी टोमणा मारला नाही. अक्कानं माझ्या ताटात न विचारता तेलाची धार सोडली. आणि भिंतीपलीकडून आवाज आला. टिंग. पितळी भांड्यावर कुणी नखानं मारावं तसा. दाजी म्हणाले, "मांजर असंल." थोड्या वेळानं परत, टिंग. माझा घास हातात राहिला. मांजर काही लोखंड वाजवत नाही. अक्कानं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी घास गिळला. आवाज माझ्या जोडातून आला होता हे मला कळलं होतं, आणि मी उठून बघायला गेलो नाही. सकाळी बघू म्हणालो. बघितलं असतं तर म्हातारा बरोबर ठरला असता, म्हणून गेलो नाही. दुसरं काही कारण नव्हतं.

गुरुवारी सकाळी चाचा कामावर आले नाहीत, पण मी त्यांचीच पद्धत वापरली. जोडावर रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी लावायची. कुठं चीर असंल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढतं. दोन जोडांवर रेघ आली. केसासारखी बारीक. मी पहिल्यांदा शिवणीवरच बघत होतो, तिथं काहीच नव्हतं. रेघ होती शिवणीच्या शेजारी, पाईपाच्या अंगात, शिवणीला लागून गोल गेलेली. माझा टाका शाबूत होता आणि शेजारचं पोलाद तडकलं होतं.

हल्ली माझा नातू वाळूजला कंपनीत आहे, आम्ही त्याच्याच बजाजनगरच्या घरात राहतो. त्याला ही गोष्ट सांगितली तर म्हणतो, "आबा, शिवणीशेजारच्या त्या पट्ट्याला आमच्यात नाव हाय." मी म्हणालो, "तुमच्यात नाव असंल. आमच्यात त्याच्याखाली माणसं उभी राहायची." त्यांच्याकडं जोड ओढून तोडायचं यंत्र आहे, किती ओढल्यावर तुटतो ते कागदावर छापून येतं. चांगलं आहे. पण कागद बघून मान हलवणारी पोरं मला पटत नाहीत. ज्यानं जोड मारला त्याला त्या जोडाखाली कधी उभं केलं का, विचारलं तर हसतात.

मी दाजींना रेघा दाखवल्या. त्यांनी अंगठ्यानं खडू पुसला. "घासून काढ. वर अजून एक थर दे. मग लाल रंग मार."

"दाजी, ही वरची चीर नाय."

"तुला कोण विचारलं? काल छाती काढून बसला होतास, आज चीर दिसायला लागली व्हय? म्हाताऱ्याचं भूत बसलं का अंगावर?"

आणि मी ते केलं. घासलं, थर दिला, परत पाणी मारलं, लाल रंगाचे दोन हात दिले. इथं मी स्वतःला सोडत नाही. दाजींनी सांगितलं, पण हात माझा होता. रंग वाळला तेव्हा सगळं नव्यासारखं दिसत होतं.

शुक्रवारी सोनाजी आला, सोबत त्याची बायको गयाबाई. काळी, उंच, हाताच्या शिरा दोरासारख्या. सोनाजी वर इंजिन सांभाळायचा आणि ही खाली उतरून बादली भरायची. तिनं यारीभोवती एक फेरी मारली, रंगावर बोट टेकवून बघितलं, म्हणाली, "नवरीसारखी सजवलीय की." या लोकांत एक रीत होती. यारी घ्यायची तर ज्यानं जोड मारले त्यानं आधी बादलीत उभं राहायचं, त्याला विहिरीत सोडून वर काढायचं, मगच सौदा. त्याला बसणी म्हणायचे. बसणी झाल्याशिवाय कुणी यारीला हात लावत नसे, आणि कुठला मिस्त्री नाही म्हणत नसे.

मागच्या आटलेल्या विहिरीवर यारी उभी केली. पहिल्यांदा बादलीत दगड भरून खालीवर केलं. यारीचा हात किंचित वाकला, सरळ झाला. दाजींनी मिशीवर बोट फिरवलं. "बघा! हलली का? चल रे बबन."

मी बादलीत चढलो. दोर धरला. विहीर चाळीस फूट असंल, तळाला नुसता दगड. मान वर केली तर डोक्यावर माझा सगळ्यात मोठा जोड, लाल रंगात चकाकणारा. मला भीती वाटली, हे मान्य आहे. पण भीतीपेक्षा दुसरं जास्त वाटलं. मी पडलो तर हा माणूस अक्काला सांगणार की पोराला जोड मारता येत नव्हता. मी म्हणालो, "दाजी, तुम्ही बी या."

"मी कशाला?"

"बादली दोघांची हाय. ही बाई दगडाबरोबर वर येणार, तेवढं वजन तर पाहिजे."

"जोड तुझा हाय."

"पाईप तुमचा हाय."

सोनाजीनं इंजिनावरचा हात काढला. गयाबाई पदर खोचत म्हणाली, "बसा की मालक. सख्ख्या मेव्हण्याच्या हातचं हाय, त्यात काय भ्यायचं?"

दाजी एक पाऊल पुढं आले. मग त्यांनी वर बघितलं. दोराकडं नाही, चाकाकडं नाही, इंजिनाकडं नाही. सरळ त्या जोडाकडं. आणि पाऊल तिथंच राहिलं. एवढंच झालं. पण गयाबाईनं त्यांची नजर कुठं गेली ते बघितलं होतं. ती पुढं आली, माझ्या दंडाला धरून मला बादलीतून खाली ओढलं, अगदी शेरडाला ओढावं तसं, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला. ह्यांच्या नवरीचं तोंड रंगवलंय." दाजी मागून ओरडत राहिले, किंमत उतरवतो म्हणाले. तिनं वळूनही बघितलं नाही. मला मात्र जाताना म्हणाली, "आणि तू रं? मी आल्यावरच तोंड फुटलं व्हय तुला?"

त्या संध्याकाळी दाजी माझ्यावर धावून येतील असं वाटलं होतं. ते शांत जेवले. आमटी भुरकून प्याले. मग मला नाही, अक्काला सांगितलं, "जालन्याचा एक व्यापारी हाय. उद्या दुपारी टेम्पो घेऊन येतो म्हणला. यारी इथनं उचलायची, तिकडं कुणाला बी विकायची. त्याला बसणी-फिसणी काय माहीत नाय." आणि हात धुताना म्हणाले, "तुझ्या भावाला सांग, उद्यापासून त्याची भाकर त्यानं बघावी."

मी म्हणालो, "दाजी, ती यारी माणसं मारील."

"मग? माझ्या दारात मारणार हाय का?"

मी उठायला लागलो तशी अक्का माझ्या ताटात आमटी वाढत म्हणाली, "बबन, जेव. माझं घर हाय हे. तू जाशील, मला इथंच राहायचंय." तिचा आवाज चढला नव्हता. ती बरोबर बोलत होती. मी तिच्यासाठी चार वर्षं गिळली होती आणि तिनं माझ्यासाठी त्याहून जास्त. मी ताट संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अक्का भाकरीला बसली तेव्हा मी दुकानातून दहा किलोचा घण घेऊन मागं गेलो. पहिला घाव त्या मोठ्या जोडावर घातला. घणानं मारल्याचा ढण्ण आवाज आलाच नाही. काचेची बरणी फुटावी तसं ते फुटलं, एका घावात, आणि पाईपाचं टोक मातीत पडलं. भिंतीपलीकडं भाकरीची थाप थांबली. मग थाप परत सुरू झाली, पहिल्यापेक्षा जोरात. दुसरा जोडही एका घावात गेला. तिसऱ्याला दोन लागले. चौथा चिवट निघाला, त्याला सात घाव घातले, हाताला फोड आले, तो ठार वाकडा झाला आणि मग तुटला. दाजी बनियनवर धावत आले. "येडा झाला का रे! मुडदा बसवला तुझा!" पण माझ्या हातात घण होता, ते दहा पावलांवर थांबले आणि तिथनंच मला आणि माझ्या मेलेल्या बापाला शिव्या देत राहिले. परत कुणी जोडू नये म्हणून मी तुटलेली टोकं एकेक उचलून विहिरीत टाकली. तळाला आपटल्याचा आवाज वर यायचा, मगच दुसरं उचलायचो.

शेवटी हातभर लांबीचा एक तुकडा राहिला. त्याच्या तोंडाला माझी शिवण होती, सगळीच्या सगळी, एक खवलं हललं नव्हतं. पाईप शिवणीच्या शेजारून तुटला होता. मी अंगठ्यानं रंग खरवडला, खालची चांदी बघितली. तो तुकडा पिशवीत घालून शहागंजात न्यावा आणि म्हाताऱ्यापुढं टाकून म्हणावं, बघ, माझा टाका तुटला नाही, असं मनात आलं. पण चाचांनी शेजारचं तुटलेलं पोलाद बघून तेच म्हटलं असतं, तू तो ऊपर से देखता. मग तोही विहिरीत टाकला.